बंधाऱ्याखालची जंप फरशीबाहेर का जाते?

घनमीटर (धागाकर्ता)

एका बंधाऱ्याचे आकडे मांडतो. प्रश्न जंपचा, म्हणजे वेगवान पातळ पाणी फेसाळत एकदम खोल आणि संथ होतं त्या उसळीचा. हिशेबात कुठेतरी अडकलोय.

सांडव्याची लांबी २० मी, माथा ओजी (पडत्या पाण्याच्या वक्राच्या) आकाराचा, खालच्या फरशीपासून माथ्याची उंची ३.० मी. संकल्पित पूर ६० क्युमेक (घनमीटर प्रति सेकंद). उताराच्या पायथ्यापासून पुढे सपाट फरशी १४ मी, बंधाऱ्याच्या तळासह एकूण लांबी २० मी. पाया बारीक वाळूचा. फरशीच्या शेवटी कट-ऑफ भिंत (खालून झिरपणारं पाणी अडवणारी) २.५ मी खोल. मूळ नदीतळ फरशीच्याच पातळीला होता, आता तो ०.३ मी खाली गेलाय.

खालच्या अंगाच्या पाण्याची पातळी (फरशीपासून मोजलेली):
६० क्युमेकला १.८० मी
३० क्युमेकला १.१० मी
१५ क्युमेकला ०.६० मी

पुरात फरशीवर पाणी काचेसारखं गुळगुळीत आणि वेगात जातं. फेस दिसतो तो फरशी संपल्यावर. तिथेच खड्डा पडलाय, त्यात टाकलेले दगड टिकत नाहीत.

माथ्यावरच्या पाण्यासह एकूण ऊर्जा फरशीपासून ४.२७ मी येते. तीच ऊर्जा धरून संथ प्रवाहाची खोली काढली तर ४.२४ मी लागते, आणि मिळते १.८०. मग इथे जंप होणं शक्यच नाही असं समजायचं का? की फरशीवर काँक्रीटचे ब्लॉक बसवून भागेल?

---

उंबरठा

४.२४ चा आकडा जंपचा नाहीच. ती झाली पर्यायी खोली, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेची दुसरी खोली. जंपमध्ये ऊर्जा टिकत नाही, संवेग टिकतो. त्यामुळे लागते ती जोडखोली, आणि ती बरीच कमी असते. ही गल्लत फार जुनी आहे आणि दर वेळी घाबरवणारीच उत्तरं देते.

पायऱ्यांनी करू. दर मीटर लांबीला विसर्ग ६० ÷ २० = ३ घमी/से. ओजीचा गुणांक २.१ धरला तर माथ्यावरचं पाणी (३ ÷ २.१) चा २/३ घात, म्हणजे १.२७ मी. एकूण ऊर्जा ३.० + १.२७ = ४.२७. इथवर तुमचं बरोबर आहे.

आता पायथ्याशी पातळ आणि वेगवान प्रवाहाची खोली ख१ काढायची:

ख१ + ०.४५९ ÷ ख१² = ४.२७

(०.४५९ म्हणजे ३² ÷ १९.६२.) दोनतीन वेळा आकडे घालून पाहिलं की ख१ = ०.३४२ मी येतो. वेग ३ ÷ ०.३४२ = ८.८ मी/से. फ्रूड अंक = वेग ÷ √(९.८१ × ख१) = ४.८.

मग जोडखोली ख२ साठी बेलांजेचं सूत्र:

ख२ = (ख१ ÷ २) × (√(१ + ८ × फ्रू²) − १) = ०.१७१ × १२.६ = २.१५ मी

लागतं २.१५, मिळतं १.८०, तूट ०.३५ मी. अशक्य अजिबात नाही, पण जंप फरशीवर थांबणारही नाही. काचेसारखं पाणी दिसतं ते यामुळेच. पातळ प्रवाहाचा जोर परतवायला खालच्या अंगाला पुरेशी खोली नाही, म्हणून जंप खाली सरकत सरकत फरशीबाहेर जाते.

---

घनमीटर

म्हणजे घोडं पर्यायी खोलीत अडलं होतं. धन्यवाद. तूट ०.३५ असेल तर फरशी ०.४० मी खाली घेतली की काम झालं?

---

पाणरेषा

थांबा, एवढ्यात नको. एकट्या पूर्ण पुरावर फरशीची पातळी ठरवू नका. तुमचेच आकडे बाकीच्या विसर्गांना लावून पाहा (फरशी आहे तिथेच ठेवून):

६० क्युमेक: हवं २.१५, आहे १.८०, तूट ०.३५
३० क्युमेक: हवं १.५२, आहे १.१०, तूट ०.४२
१५ क्युमेक: हवं १.०७, आहे ०.६०, तूट ०.४७

सगळ्यात मोठी तूट लहान विसर्गाला आहे. कारण तुमच्या माहितीतच आहे: तळ ०.३ मी खाली गेलाय. नदीतळ खचला की पाण्याची पातळी सगळ्याच विसर्गांना साधारण तेवढीच उतरते. पूर्ण पुरात २.१० मधून ०.३० गेले तर ते सातवा हिस्सा, पण १५ क्युमेकला ०.९० मधले ०.३० म्हणजे तिसरा हिस्सा. पुराचा एकच आकडा तपासून मोकळं झालेल्या संकल्पनात नेमकं हेच राहून जातं, आणि वर्षातले बहुतेक दिवस तर पाणी लहान विसर्गाचंच असतं.

फरशी ०.४० खाली नेली तर ६० ला हवं २.२२ आणि मिळेल २.२०. टेकूवर उभं असल्यासारखं. १५ ला हवं १.११, मिळेल १.००. म्हणजे तिथे जंप तरीही बाहेरच. फरशी खाली नेल्यावर पडणारी उंची वाढते, त्यामुळे ख२ पण थोडी वाढते हे विसरू नका. ०.४० खोदून पूर्ण ०.४० पदरात पडत नाही.

०.६० नेऊन पाहा:

६० क्युमेक: ख१ ०.३१७, फ्रू ५.४, हवं २.२५, मिळेल २.४० (१.०७ पट)
३० क्युमेक: ख१ ०.१६५, फ्रू ७.२, हवं १.५९, मिळेल १.७० (१.०७ पट)
१५ क्युमेक: ख१ ०.०८५, फ्रू ९.७, हवं १.१२, मिळेल १.२० (१.०७ पट)

तिन्ही ठिकाणी ५ टक्क्यांच्या वर राखीव उरते. मला ०.६० पटतं. पण तळ अजून खाली जातोय की थांबलाय हे कळल्याशिवाय हा आकडा पक्का धरू नका. आणखी ०.२ गेला तर १५ ला पुन्हा तूट येईल.

---

थेंबेथेंबे

मध्येच एक मूलभूत शंका. ऊर्जेचं समीकरण चालत नाही असं म्हणता, मग पायथ्यापर्यंत ख१ काढताना तेच कसं वापरलंत?

---

उंबरठा

चांगलं पकडलंत. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी गुळगुळीत वक्रावरून वेग घेत उतरतं. तिथे भोवरे कमी, नुकसान थोडं. इतक्या कमी उंचीवर ते सोडून दिलं तर ख१ किंचित लहान आणि ख२ किंचित मोठी येते, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला पडते. जंपच्या आत मात्र ऊर्जा कुठे आणि किती जाते ते आधी माहीत नसतं, म्हणून तिथे ऊर्जेचं समीकरण लिहिताच येत नाही. संवेगाला आतल्या गोंधळाशी देणंघेणं नाही. दोन्ही टोकांचा दाब आणि वेग कळला की पुरे.

गेलेली ऊर्जा मागाहून काढता येते: (ख२ − ख१)³ ÷ (४ × ख१ × ख२). ०.६० खाली नेलेल्या फरशीवर ६० क्युमेकला हे २.५३ मी भरतं, एकूण ४.८७ पैकी ५२ टक्के. शक्तीत मांडलं तर ९.८१ × ६० × २.५३, सुमारे १,४९० किलोवॅट. जवळपास दीड मेगावॅट, २० मी रुंदीच्या फरशीवर. हे फरशीवर जिरलं नाही तर त्या खड्ड्यात जिरतं, आणि खड्ड्यात काँक्रीट नसतं.

---

वाळूतळ

फरशी फोडून खाली नेणं म्हणजे मोठं काम. बाफल ब्लॉक (प्रवाहाच्या वाटेत उभे केलेले काँक्रीटचे ठोकळे) बसवा की. ब्लॉकवर पाणी आपटलं की जंप पायथ्याकडे येते, लांबीही कमी लागते. यूएसबीआर (अमेरिकेचं ब्युरो ऑफ रिक्लमेशन) टाइप ३ कुंड, म्हणजे जंप जिरवणारी फरशी, त्यासाठीच आहे: फ्रूड ४.५ च्या वर, आणि वेग साधारण १५-१८ मी/से च्या आत. इथे दोन्ही अटी बसतात.

---

उंबरठा

वाळूतळ, अटी बसतात हे खरं. पण टाइप ३ मध्येही खालच्या अंगाला पूर्ण ख२ एवढी खोली असावी असंच सांगितलेलं आहे. ब्लॉक प्रवाहाविरुद्ध बल देतात, त्यामुळे थोड्या कमी पाण्यातही जंप टिकते. ते बल राखीव म्हणून ठेवायचं असतं, उधारीवर वापरायचं नसतं. इथे तूट १५ क्युमेकला गरजेच्या ४४ टक्के आहे. एवढं ब्लॉकवर ढकलणं म्हणजे पाणी ब्लॉकवरून उडून पलीकडे पडणार.

करायचेच असतील तर आकार देतो (०.६० खाली नेलेली फरशी, ख१ ०.३१७, फ्रू ५.४):

पायथ्याचे ब्लॉक: उंची, रुंदी आणि मधली फट, तिन्ही ख१ एवढी, ०.३२ मी.
बाफल ब्लॉक: उंची ख१ च्या १.५ पट, ०.४८ मी. रुंदी आणि फट उंचीच्या ०.७५, म्हणजे ०.३६. भिंतीलगत अर्धी फट. पायथ्याच्या ब्लॉकपासून अंतर ०.८ × ख२ = १.८ मी. पुढचा चेहरा उभा, माथ्याची जाडी उंचीच्या ०.२, मागची बाजू १:१ उतार.
शेवटचा उंबरा: ख१ च्या १.३ पट, ०.४१ मी, प्रवाहाकडची बाजू २:१ उताराची.
कुंडाची लांबी: २.७ × ख२, साधारण ६.१ मी.

ब्लॉकच्या कडा धारदार ठेवा. ‘झिजू नयेत’ म्हणून गोल करतात ते चूक आहे. गोल कडेवरून पाणी सरकून जातं आणि बल घटतं.

एका ब्लॉकवर येणारं बल: २ × पाण्याचं एकक वजन × चेहऱ्याचं क्षेत्र × ऊर्जा. २ × ९.८१ × (०.३६ × ०.४८) × ४.८७ = १६.५ किलोन्यूटन. पावणेदोन टनांच्या जवळपास, तेही सतत हादरत. जुन्या फरशीत चार डॉवेल (जोडसळया) ठोकून बसवलेला ब्लॉक यापुढे फार दिवस तग धरत नाही. फरशीच्या सळईतच बांधून, एकसंध ओतला पाहिजे.

---

वाळूतळ

४४ टक्के पाहिले नव्हते. मागे घेतो. पण फरशी ०.६० नेऊन वर ब्लॉक, असं दोन्ही?

---

पाणरेषा

मी फक्त उंबरा घेईन. पुरात ओंडके आणि पिचिंगचे सुटे दगड येत असतील तर ब्लॉक हा त्यांचा पहिला बळी. एक ब्लॉक तुटला की त्या फटीतून पाण्याची जीभ सुटते, जंप तिरकी होते, आणि ब्लॉक नसते त्यापेक्षा वाईट अवस्था होते. लांबी मिळत असेल तर ब्लॉकविना कुंड बरं.

इथे लांबी मिळते का ते पाहू. उतार १:३ ने ०.६० खाली न्यायला १.८ मी जातात. १४ पैकी १२.२ उरतात. काहीच नसलेल्या सपाट फरशीला ६ × ख२ = १३.५ लागले असते, ते बसत नाही. उंबरा धरला तर ५ × ख२ = ११.३. बसतं.

---

काठावरचा

फरशी न फोडता खालच्या अंगाला दुसरा छोटा बंधारा घालून पाणी चढवलं तर? पाया वाळूचा असताना जुन्या बांधकामाला लागून खोदण्यापेक्षा मला ते सोपं वाटतं.

---

पाणरेषा

चालतं, आणि पुष्कळदा तोच मार्ग निघतो. हिशेब असा: फरशी आहे तिथेच, हव्या खोलीवर ५ टक्के राखीव. दुय्यम बंधारा रुंद माथ्याचा, गुणांक १.७.

६० ला हवं २.२६, माथ्यावरचं पाणी १.४६, म्हणून उंची ०.८०
३० ला हवं १.६०, माथ्यावर ०.९२, उंची ०.६८
१५ ला हवं १.१३, माथ्यावर ०.५८, उंची ०.५५

मोठा आकडा धरायचा, ०.८० मी. गंमत पाहा, इथे ठरवणारा विसर्ग पुन्हा ६० झाला. उपाय बदलला की तपासायची बाजूही बदलते.

दोन अडचणी. पूर्ण पुरात खालचं पाणी या माथ्याच्या १.० मी वर, म्हणजे बुडिताचं प्रमाण ०.६८. रुंद माथ्याला ते काठावरचं आहे. थोडं बुडित झालं तर वरचं पाणी आणखी चढेल, जंपला ते हानिकारक नाही. दुसरी अडचण खरी: १५ क्युमेकला दुय्यम बंधाऱ्यावर पाणी १.३८ आणि खाली ०.६०. पाऊण मीटरचा नवा धबधबा तयार झाला. त्याला स्वतःची फरशी, उंबरा, कट-ऑफ हवाच. तो नसेल तर खड्डा फक्त पंधरावीस मीटर पुढे सरकतो. शिवाय त्याची जागा जंपच्या पूर्ण लांबीपलीकडे हवी, जंपच्या मध्यात नको.

---

भूजलरेषा

सगळे पाण्याच्या वरच्या बाजूचं बोलताय. खालूनही पाहा, कारण हा बंधारा पडलाच तर जंपमुळे थेट पडणार नाही. जंपने खड्डा पडेल आणि खड्ड्यामुळे वाळू निघून जाईल.

खोसलांचं निर्गम उताराचं (फरशीखालून झिरपलेलं पाणी शेवटी वर येतं तिथला दाबउतार, जास्त झाला तर वाळू उचलतो) सूत्र: उतार = (हे ÷ ड) × १ ÷ (π × √ल). ल = (१ + √(१ + अ²)) ÷ २, आणि अ = फरशीची एकूण लांबी ÷ ड. ड म्हणजे खालच्या तळापासून कट-ऑफची खोली, हे म्हणजे पातळीतला फरक, खाली कोरडं असताना.

मूळ स्थिती: हे ३.०, ड २.५, लांबी २०. उतार १/५.६.
तळ ०.३ खाली गेल्यावर: हे ३.३, ड २.२. उतार १/४.७.
उंबऱ्याला चिकटून १ मी खड्डा पडला तर ड १.२. उतार १/३.४.

बारीक वाळूला १/६ ते १/७ लागतो. म्हणजे मूळ रचनाही हद्दीच्या जराशी बाहेरच होती आणि आता ती आणखी बाहेर आहे. नवी शीटपाइल (जमिनीत ठोकलेली पत्र्यांची भिंत) तळापासून ४ मी खोल घेतली तर १/६.६ येतो. लांबी वाढवून हे साधायचं तर फरशी जवळपास दुप्पट लागेल, त्यापेक्षा खोली वाढवणं सोपं. 

आणि ते ‘दगड टिकत नाहीत’ प्रकरण: दगड वाहून जातातच असं नाही, पुष्कळदा ते खाली बसतात. खालची वाळू फटींमधून वर निघून जाते. दगडाखाली उलटा फिल्टर हवा. थरांची मोजपट्टी सोपी: फिल्टरच्या कणांचा १५ टक्के आकार खालच्या मातीच्या १५ टक्के आकाराच्या ४-५ पटीहून मोठा (पाणी सुटायला), आणि मातीच्या ८५ टक्के आकाराच्या ४-५ पटीहून लहान (माती अडवायला). त्यावर काँक्रीट ब्लॉक, मध्ये ७ ते १० सेंमी फटी, फटीत खडी. फटी सिमेंटने भरणारे असतातच. फिल्टर केला कशाला मग!

त्यापुढे सुटा दगड, खरवडीत घसरत जाऊन उतार झाकेल एवढा. लेसीच्या सूत्राने खरवड: १.३५ × ∛(क्यू² ÷ फ), क्यू म्हणजे दर मीटर विसर्ग, फ म्हणजे वाळूच्या कणावरून येणारा गुणांक. कण ०.३२ मिमी असेल तर फ = १.७६ × √०.३२ = १.०. क्यू ३ ला २.८ मी. जंपनंतर दुप्पट धरली तर पुराच्या पातळीखाली ५.६, म्हणजे आताच्या फरशीखाली ३.८ मी. ४ मी ची शीटपाइल ४.३ पर्यंत जाते, म्हणजे त्यालाही पुरते.

---

चारी_क्र_७

विषय थोडा वळवतो, कालव्यावरचा. पडण (कालव्यातली पायरी) १ मी, विसर्ग २ घमी/से दर मीटर. खाली जंप होते पण लाटा बऱ्याच लांबपर्यंत जातात आणि अस्तराचे सांधे सुटतात. टेलवॉटर (खालच्या अंगाचं पाणी) पुरेसं आहे.

---

उंबरठा

तुमचा फ्रूड अंक काढला: ऊर्जा २.११, ख१ ०.३४, वेग ५.९, फ्रू ३.२. २.५ ते ४.५ हा पट्टा सगळ्यात कटकटीचा. पायथ्याची धार कधी तळाशी, कधी पृष्ठभागाशी, अशी डोलत राहते. प्रत्येक डोलण्याला एक लाट सुटते. टेलवॉटर वाढवून ही लाट जात नाही.

बाफल ब्लॉक इथे कमी कामाचे. यूएसबीआर टाइप ४ मध्ये पायथ्याला उंच, अरुंद ब्लॉक असतात, ते धार फोडून वर वळवतात. टेलवॉटर १.१ × ख२, लांबी साधारण ६ × ख२. तरीही लाट उरली तर पृष्ठभागावर आडवी तुळई किंवा जाळीचा लाटरोधक. पडण रुंद करून दर मीटर विसर्ग निम्मा केला तर फ्रू ४.१ पर्यंत जातो, म्हणजे दुप्पट रुंदी करूनही पट्ट्याबाहेर पडत नाही. नवं काम असेल तर दोन छोट्या पडणी करण्याऐवजी एक मोठी करून बघा. उंची वाढली की फ्रूड वाढतो.

---

मोजपट्टी

याच बंधाऱ्यावरून विसर्गही मोजायचा असेल तर? माथ्यावरच गेज (पाण्याची उंची मोजायची पट्टी) रंगवलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

---

पाणरेषा

माथ्यावर पाणी वाकून खाली उतरायला लागलेलं असतं, तिथे खोली कमीच दिसते. गेज माथ्यावरच्या सर्वात मोठ्या पाण्याच्या ४ पट अंतरावर वर, इथे ५ मी. काठाच्या विहिरीत पाइपाने जोडलेलं असेल तर लाटेचा त्रास नाही. शून्य माथ्याच्या पातळीशी दरवर्षी लेव्हलने जुळवा.

३ सेंमी चुकलं तर पूर्ण पुरात ३.५ टक्के चूक, १५ क्युमेकला ९ टक्के, कारण घात १.५ आहे. वरच्या अंगाला गाळ माथ्यापर्यंत भरला असेल तर येणाऱ्या वेगाची ऊर्जा धरावी लागते, नाहीतर विसर्ग कमी मोजला जातो. उन्हाळ्यातल्या थोड्या पाण्याला हा माथा मोजायला निरुपयोगी. त्याला वेगळा ९० अंशांचा व्ही-नॉच, विसर्ग १.३८ × खोलीचा २.५ घात. त्याची पत्र्याची धार १-२ मिमी, आणि चादरीखाली (पडणाऱ्या पाण्याच्या पडद्याखाली) हवा खेळती हवी.

---

थेंबेथेंबे

टेलवॉटर जास्त असेल तर चांगलंच ना? मग फरशी ०.६० ऐवजी सरळ १ मी खाली का नको?

---

भूजलरेषा

जास्त झालं तर जंप बुडते. धार तळाला चिकटून पाण्याखालून लांब जाते आणि वर उलटा भोवरा फिरत राहतो. ऊर्जा कमी जिरते, वरून मात्र सगळं शांत दिसतं. त्या भोवऱ्यात पडलेला ओंडका तासन्‌तास तिथेच फिरतो. माणूस पडला तर तोही सुटत नाही, आणि बुटक्या बंधाऱ्यांवर बुडण्याचं हे मोठं कारण आहे. फलक आणि कुंपण हवं ते इथे, खोल पाण्यापाशी नव्हे.

दुसरं, उलटा प्रवाह खालच्या अंगाचे दगड उंबऱ्यावरून कुंडात ओढतो. ते आत गरगर फिरून काँक्रीट दळतात. सळई उघडी पडलेली फरशी दिसली तर आधी कुंडात गोल झालेले दगड शोधा. आणि १ मी खोदायला पाणी उपसण्याचा बोजा वेगळाच.

---

घनमीटर

आता माझा आराखडा: फरशी ०.६० खाली, १:३ उतार, १२.२ मी कुंड, ०.४१ उंबरा, ब्लॉक नाहीत. शेवटी तळापासून ४ मी शीटपाइल, मग फिल्टरवर ब्लॉक, पुढे सुटा दगड. फरशीची जाडी: भूजलरेषांच्या पद्धतीने मधल्या भागात उरलेला दाब ४० टक्के येतो, ३.३ × ०.४ = १.३२ मी. भागिले १.२४ (पाण्याखालच्या काँक्रीटचं सापेक्ष वजन) केलं तर १.०६, म्हणून १.१० मी घेतोय. काम पट्ट्यापट्ट्यांनी, एक सोडून एक. आणि पहिल्या पुरानंतर कुंड उपसून कोरडं करून तपासणी.

---

भूजलरेषा

क्रम: शीटपाइल आधी, खोदकाम नंतर. उलटं केलंत तर उघड्या खड्ड्यात वाळू उकळेल. वेलपॉइंटने (भूजल उपसणाऱ्या बारीक नळ्यांनी) पाणी खोदाईच्या तळाखाली किमान अर्धा मीटर ठेवा, आणि नव्या पट्ट्याचं काँक्रीट ताकद घेईपर्यंत पंप बंद करू नका. प्रवाहाला आडव्या सांध्यात वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी), आणि खालच्या पट्ट्याची कड वरच्यापेक्षा एक मिलिमीटरही वर नको. ९ मी/से ची धार त्या फटीत शिरली तर दाब थेट फरशीखाली जातो.

जाडी मात्र पुन्हा पाहा. १.३२ हा दाब तुम्ही खालचं पाणी तळाच्या पातळीला, म्हणजे उणे ०.३ ला धरून काढलात. तुमची नवी फरशी उणे ०.६ ला आहे, म्हणजे तिच्यावर ०.३ मी पाणी उभं आहे आणि ते फरशी दाबून धरतंय. तपासणीसाठी तेच उपसणार. वरचा साठा भरलेला असताना उपसलंत तर उचल १.६२ मी, आणि जाडी लागते १.३१. १.१० ची फरशी त्या दिवशी मधूनच वर येईल, पूर नसताना. एकतर १.३५ करा, नाहीतर साठा उतरवल्याशिवाय पंप लावायचा नाही असं नकाशावरच लिहून ठेवा.

---

घनमीटर

१.३५ करतो. नकाशावरही लिहितो.